अकरा जण, अकरा जणी आणि शेजारचे आजोबा

मागच्या अंकात मी चारच ओळी लिहिल्या होत्या: हिबर्नियनच्या महिला संघानं 2024-25 ची स्कॉटिश लीग जिंकली आणि त्या दिवशी मी घरी स्वयंपाक केला नाही. त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी हे अख्खं सदर फुटबॉलला देऊन टाकलंय. व्हिसा, थंडी आणि कढीपत्ता कुठं मिळतो हे नेहमीचे विषय पुढच्या महिन्यात.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते. हिबर्नियन, लाडानं हिब्ज, हा एडिंबरामधल्या लीथ या बंदराकडच्या भागाचा क्लब. 1875 साली आयर्लंडहून आलेल्या गरीब वस्तीतल्या लोकांनी काढला. रंग हिरवा-पांढरा, मैदान ईस्टर रोड. मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. गेली 19 वर्षं लीथमध्ये औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी ईस्टर रोडवर बसलेली असते. आता पत्रं.

ताई, तिकडं टीम निवडीवरून लोक एवढे भांडतात, त्यातलं कोच काही ऐकतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही ऐकत, भावा. ऐकायला लागला तर दोन आठवड्यांत जाईल, आणि न ऐकता हरला तर तीन आठवड्यांत.

मॅचच्या तासभर आधी टीम जाहीर होते. अकरा नावं, शिवाय बेंचवर नऊ राखीव. शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला ईस्टर रोडजवळच्या कुठल्याही पबात उभा राहा. सगळ्यांच्या माना एकदम फोनमध्ये जातात, दोन सेकंद शांतता, आणि मग सुरू. ही यादी म्हणजे लग्नातली पहिली पंगत. कोण बसलं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, कुणाला बसवलं नाही यावरून रुसवे. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींची मॅच असताना तू गॅलरीत जे ऐकतोस ना, अगदी तेच. फरक इतकाच की इथं ते पावसात भिजत आणि हातात मटणाच्या खिम्याची गरम ‘पाय’ (म्हणजे कचोरीसारखं भरलेलं पेस्ट्रीचं पुडिंग नव्हे, खिम्याची वाटीच) धरून चालतं. त्या पायमधलं तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, आणि हात झटकला की शेजारच्याच्या मफलरवर पडतं. तरी भांडण थांबत नाही.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात. गोदीत काम करून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. मला ते ‘हेन’ म्हणतात, म्हणजे कोंबडी. आधी राग आला होता, मग कळलं की इथं बाईमाणसाला मायेनं तसंच म्हणतात. त्यांचा एक नियम आहे: टीम जाहीर झाली की पहिलं वाक्य ‘याला काय वेड लागलंय का?’ टीम कुठली का असेना. आदल्या आठवड्यात 3-0 जिंकलेली तीच टीम असली तरी.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. 2024 च्या उन्हाळ्यात डेव्हिड ग्रे मुख्य कोच झाला. हा ग्रे म्हणजे लीथमध्ये अर्धा देवच. 21 मे 2016 ला स्कॉटिश कप फायनलमध्ये ग्लासगोच्या रेंजर्सविरुद्ध 92 व्या मिनिटाला यानंच हेडर मारला आणि हिब्जनं 114 वर्षांनी तो कप जिंकला. तर हाच देव कोच झाला आणि नोव्हेंबरमध्ये आम्ही टेबलाच्या तळाला. ग्रेला काढा म्हणणाऱ्यांत मीही होते. काउंटरवर ब्लडप्रेशरच्या गोळ्या देता देता मी गिऱ्हाइकांना टीम निवडून दाखवत होते. मग अ‍ॅबर्डीनविरुद्ध घरच्या मैदानावर हरत असताना रॉकी बुशिरीनं अगदी शेवटच्या क्षणी गोल मारून 3-3 केलं, आणि तिथून गाडी फिरली. मागं तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, बाजूनं पळणारे दोघं, हीच मांडणी ग्रेनं धरून ठेवली. लीगमध्ये सलग 17 सामने हरले नाहीत. सीझनच्या शेवटी तिसरे. माझ्या निवडलेल्या टीमनं हे केलं असतं का? आजोबा म्हणतात, केलं असतं, आणि दुसरे आले असते.

संघ कोचनंच निवडायचा हेही फार जुनं नाही बरं का. ग्लासगोच्या सेल्टिकमध्ये 1960 च्या आसपास टीमवर चेअरमन बॉब केली यांचा हात असायचा. त्या वर्षीची गोष्ट इथले म्हातारे अजून सांगतात. एअरड्रीला मॅच, सेल्टिकची बस निघालेली. रस्त्याच्या कडेला त्यांचाच राखीव गोलकीपर विली गोल्डी गळ्यात मफलर घालून मॅच बघायला निघालेला दिसला. एवढी निष्ठा बघून केलीसाहेबांना भरून आलं. बस थांबवली, पोराला आत घेतलं आणि त्या दिवशी गोलमध्ये तोच उभा. सेल्टिक 2-0 नं हरलं. गोल्डी पुन्हा कधी सेल्टिकच्या पहिल्या संघात दिसला नाही. निष्ठेवर जागा मिळत असती तर आमच्या स्टँडातले निम्मे लोक आत खेळत असते.

आणि हे बंद कुणी केलं? जॉक स्टीननं. सेल्टिकला जाण्याआधी तो आमच्याकडं, हिब्जचा मॅनेजर होता. 1964 मध्ये त्याच्या टीमनं ईस्टर रोडवर रेआल माद्रिदला मैत्रीच्या सामन्यात 2-0 हरवलं होतं. मार्च 1965 मध्ये तो सेल्टिकला गेला, टीम मीच निवडणार हे ठरवूनच. दोन वर्षांनी त्याच्या अकरा जणांनी युरोपियन कप उचलला. अकराच्या अकरा ग्लासगोच्या पन्नासएक किलोमीटरच्या आत जन्मलेले. आजोबांना हा विषय काढलेला आवडत नाही. ‘आमच्याकडं राहिला असता तर’ एवढं म्हणून गप्प होतात.

महिला संघालाही एवढेच लोक जातात का, की फक्त कौतुक म्हणून? माझी मुलगी फुटबॉल खेळते, म्हणून विचारते. (एक वाचक, पुणे)

एवढे नाही जात. ईस्टर रोडची क्षमता वीस हजारांच्या वर. महिला संघ बरेचदा मेडोबँकला खेळतो, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत. 1970 आणि 1986 च्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या ती जागा, आता नवं बांधलेलं, स्टँड छोटा. गर्दी इतकी मोजकी की खेळाडू एकमेकींना काय ओरडतात ते सगळं ऐकू येतं. मला तर ते आवडतं. पुरुषांच्या मॅचला मला फक्त आजोबा ऐकू येतात.

पण तुमच्या पत्रातल्या ‘कौतुक म्हणून’ या दोन शब्दांवर मला थांबायचंय.

पहिल्यांदा मी आजोबांना मेडोबँकला नेलं तो रविवार आठवतो. फेब्रुवारी, समुद्राकडून वारा असा की कानाच्या पाळ्या गळून पडतील. ते आले कारण त्यांची नात तिच्या शाळेच्या टीमबरोबर येणार होती. नव्वद मिनिटं ते हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसल्यासारखे बसले. आमच्या डाव्या बाजूच्या मुलीनं तीनदा बॉल थेट बाहेर मारला. पुरुषांच्या मॅचला असं झालं असतं तर त्यांनी त्या पोराची सात पिढ्यांची वंशावळ काढली असती. इथं टाळ्या. ‘छान प्रयत्न केला हो पोरीनं.’ मॅच संपल्यावर म्हणाले, ‘गोड खेळतात.’

मला त्या ‘गोड’चा इतका राग आला की घरी येईपर्यंत बोलले नाही. कारण ते गोड मी ओळखते. मी लहानपणी शाहू स्टेडियमवर जायचे ती थोरल्या भावाबरोबर, त्याची टोपी डोक्यावर ओढून. गॅलरीत आम्ही चार-पाचच मुली असायचो. कुणी वाईट वागायचं नाही, उलट बसायला जागा करून द्यायचे, शेंगा द्यायचे. पण मी म्हटलं की ‘तो आठ नंबरचा आज थकलाय, त्याला बदला’, की आजूबाजूचे हसायचे. गोड हसायचे. दहा मिनिटांनी तो आठ नंबर बाहेर निघायचा आणि कुणालाही आठवायचं नाही की हे मी म्हटलं होतं.

तर 2024-25 चा सीझन. कोच ग्रँट स्कॉट. महिला लीगमध्ये बारा संघ, आधी 22 सामने, मग वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होऊन आणखी दहा. आमच्या मुली वरच्या टोकाला चिकटून राहिल्या आणि हळूहळू मेडोबँकच्या स्टँडातला आवाज बदलला. आजोबा आता नातीशिवाय यायला लागले होते. हिवाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी टीम आली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकापाशी नेला आणि म्हणाले, ‘याला काय वेड लागलंय का?’

मी विचारलं काय झालं. तर त्यांची आवडती विंगर, कडेनं धावणारी, बेंचवर! मग जे सुरू झालं ते हाफ-टाइमपर्यंत. समोरच्या बाजूची बॅक हळू आहे, हिला तिथंच सोडायला हवं होतं. मधे दोघी सारख्याच, एकीनं मागं राहायला नको का. कोपऱ्यावरून रोज तोच बॉल, शत्रूलाही पाठ झालाय. पुढच्या रांगेतली एक बाई वळून म्हणाली, तुमची ती विंगर परत धावत येत नाही, म्हणून बेंचवर आहे. आजोबा म्हणाले, तुम्हाला काय कळतंय. ती म्हणाली, मी दहा वर्षं खेळलेय. दोघं शेवटपर्यंत भांडत होती. माझे पाय बर्फ झाले होते आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

तुमच्या मुलीच्या मॅचला टाळ्या वाजवणारे भरपूर मिळतील, बाई. तिला शेवटच्या वीस मिनिटांत बाहेर का काढलं, यावर कोचशी वाद घालणारं एक माणूस मिळालं की मला जरूर कळवा.

एक व्यावहारिक गोष्ट. या लीगमधल्या पुष्कळ मुली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. त्यामुळं बुधवारच्या मॅचला कोण दमलीय हे बघताना तिचा दिवस कसा गेला असेल हेही धरावं लागतं. आजोबा ते धरत नाहीत. पगार वाढवा म्हणतात, विषय संपला.

स्कॉटलंडमध्ये हा बायकांचा फुटबॉल अलीकडेच सुरू झाला ना? (एक वाचक, नाशिक)

आमच्या गल्लीतच सुरू झाला म्हणा. 7 मे 1881 ला ईस्टर रोड भागातल्या हिब्जच्या तेव्हाच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड या नावांनी बायकांचे दोन संघ खेळले. स्कॉटलंड 3-0. पहिला गोल लिली सेंट क्लेअरच्या नावावर आहे. वर्तमानपत्रांना खेळापेक्षा कपड्यांत रस. स्कॉटलंडच्या मुलींचे: निळी जर्सी, गुडघ्यापर्यंतची पांढरी विजार, लाल मोजे, लाल पट्टा आणि उंच टाचेचे बूट. उंच टाचा घालून तीन गोल! आठवडाभरानं ग्लासगोत दुसरा सामना झाला तर लोक मैदानात घुसले, आणि मुलींना घोड्याच्या गाडीत बसून पळ काढावा लागला.

पुढं बायकांच्या फुटबॉलवर बंदी. 1971 मध्ये युरोपच्या संघटनांनी महिला फुटबॉलला मान्यता द्यायची का यावर मत घेतलं, तेव्हा विरोधात एकच देश होता: स्कॉटलंड. बंदी उठली 1974 मध्ये. त्याआधीच, नोव्हेंबर 1972 मध्ये, ग्रीनॉक गावात स्कॉटलंडच्या मुली इंग्लंडशी अधिकृत पहिला सामना खेळून 3-2 नं हरल्या होत्या. त्यांतली रोझ राइली पुढं इटलीला गेली आणि तिथं एवढी मोठी झाली की इटलीच्याच संघातून खेळली. स्वतःच्या देशानं 2019 मध्ये त्या 1972 च्या मुलींना कॅप, म्हणजे देशाकडून खेळल्याच्या मानाच्या टोप्या, दिल्या. तोवर त्यांची साठी उलटून गेलेली.

कुणी भारतीय मुलगी तिकडं खेळली आहे का? (एक वाचक, ठाणे)

बाला देवी. मणिपूरची. जानेवारी 2020 मध्ये रेंजर्सनं तिला घेतलं, परदेशात व्यावसायिक करार मिळालेली पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. पाठीवर 10 नंबर. रेंजर्स आमचे शत्रू, पण त्या दिवशी दुकानात मी सगळ्यांना चॉकलेट वाटलं. आजोबांनी घेतलं नाही.

पुरुषांचा आणि बायकांचा संघ एकाच क्लबचा, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का? (एक वाचक, मडगाव)

कागदावर क्लब एक, जर्सी एक. प्रत्यक्षात पूर्वी वर्षानुवर्षं दोन वेगळी घरं होती. आता थोडं मिसळलंय. मार्टिन बॉइल पुरुष संघाचा विंगर, आणि त्याची बायको रेचल बॉइल हिब्जच्याच महिला संघातून आणि स्कॉटलंडकडून खेळलेली. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर टीम निवडीची चर्चा कशी होत असेल याची मला फार उत्सुकता आहे. आर्सेनलची किम लिटल हिब्जमध्येच मोठी झाली. जोएल मरी वर्षानुवर्षं महिला संघाची कर्णधार होती, म्हणजे आमच्या स्टँडातल्या कित्येक मुलींना ‘हिब्जचा कॅप्टन’ म्हटलं की आधी तीच डोळ्यांपुढं येते. माझ्या पुतणीला ग्रे आधी आठवतो. तिच्याशी मी बोलत नाही.

हे काय चाललंय? मला स्कॉटलंडमध्ये तूरडाळ कुठली चांगली, एवढंच विचारायचं होतं. (एक वाचक, सांगली)

लीथ वॉकवरच्या दक्षिण आशियाई दुकानात. तेलकट डाळ घेऊ नका, ती शिजल्यावर वास राहतो. माफ करा, पुढच्या महिन्यात सविस्तर.

तुम्ही हिब्ज-हिब्ज करता, पण ग्लासगो सिटीचं नाव घ्यायला तुमचं तोंड दुखतं का? (ग्लासगोतली एक मराठी वाचक)

दुखतं. पण घेते. ग्लासगो सिटी हा महिलांचा क्लब 1998 मध्ये दोन बायकांनी काढला. मागं पुरुषांचा कुठलाही क्लब नाही, पाठीवर हात ठेवणारा मोठा भाऊ नाही, आणि तरी 2007-08 पासून सलग 14 वेळा लीग जिंकले. त्याआधीची लीग, 2006-07, आमची होती. म्हणजे आमची पोरगी जन्मून, शाळा संपवून, मतदानाच्या वयाची होईपर्यंत आम्ही पुन्हा जिंकलो नाही. मग चार वर्षांत चार विजेते: 2022 मध्ये रेंजर्स, 2023 मध्ये तुमची सिटी, 2024 मध्ये सेल्टिक, 2025 मध्ये आम्ही.

आणि शेवटच्या तिन्ही वेळी अगदी अखेरच्या दिवशी निकाल. 2023 मध्ये रेंजर्सच्या मैदानावर, आयब्रॉक्सला, सिटीच्या लॉरेन डेव्हिडसननं वाढीव वेळेत गोल मारला. ती पूर्वी आमच्याकडं होती, हे मी इथं मुद्दाम लिहितेय. 2024 मध्ये सेल्टिकनं 90 व्या मिनिटाला 1-0 करून कप उचलला, तो आमच्याविरुद्ध. समोर बसून दुसऱ्याची मिरवणूक पाहिली आम्ही. म्हणून 18 मे 2025 ला आयब्रॉक्सला जाताना बसमध्ये कुणी गाणी म्हणत नव्हतं. मी दशम्या नेल्या होत्या, त्याही कुणी खाल्ल्या नाहीत.

1-0 जिंकलो. गोल मी पाहिलाच नाही, समोरचा माणूस उठला. त्यापुढचा वेळ मी घड्याळाकडं बघत काढला आणि आजोबांनी माझा उजवा हात धरून ठेवला होता, दोन दिवस मनगट दुखत होतं. शिट्टी झाली. खाली मुली एकमेकींवर पडत होत्या, एक तर गवतावर पालथी पडून रडत होती, आणि ती दहा वर्षं खेळलेली पुढच्या रांगेतली बाई आजोबांच्या गळ्यात.

परतीच्या बसमध्ये त्यांनी अखेर दशमी घेतली. थंड झालेली, चटणीही सुकलेली. अर्धी खाल्ली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, ‘हेन, पण तो शेवटचा बदल. डिफेंडर आणायला हवी होती. त्याला काय वेड लागलं होतं का?’

पुढच्या रांगेतली बाई मागं वळली.